आधी वही, मग पाना

फौजेत पगार नियमित यायला लागला की पोरं दोन वस्तू घेतात, मोबाईल आणि मोटारसायकल. मोबाईलबद्दल मला काही म्हणायचं नाही. मोटारसायकलीच्या बाबतीत मात्र प्रत्येक युनिटमध्ये दरवर्षी एखाद-दोन जण तरी असे निघतात, जे शोरूमचा हप्ता सोडून कुठूनतरी जुनी बिडाच्या सिलिंडरची बुलेट हुडकून आणतात. पहिल्या रविवारी तिच्यावर पॉलिश चढतं, दुसऱ्या रविवारी आवाज करणारा सायलेन्सर लागतो आणि तिसऱ्या रविवारी ती बॅरकमागे बंद पडलेली असते. चौथ्या रविवारी तो पोरगा पाना घेऊन तिच्या इंजिनाशी बसलेला दिसतो.

माझं भांडण त्या पान्याशी आहे. जुनी गाडी घेण्याला माझा विरोध नाही, उलट घ्यावी असंच मी म्हणेन. पण घेतल्यावर पहिले तीन महिने तिच्या इंजिनाचा एकही नट सैल करू नये. त्या तीन महिन्यांत हातात वही असावी.

आधी कुठल्या गाडीबद्दल बोलतोय ते सांगतो. २००९-१० च्या सुमारास बुलेटला नवं, गिअरबॉक्स पोटातच असलेलं इंजिन मिळालं. त्याआधीची जी जुनी ३५० होती, ती ३४६ सीसीची, ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकची. गिअरबॉक्स वेगळा, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, आणि बहुतेक गाड्यांत ठिणगी सीबी पॉइंटवर. फौजेचं आणि तिचं नातं जुनं आहे. सीमेवरच्या गस्तीसाठी लष्कराला दणकट मोटारसायकल हवी होती, त्या मागणीतूनच १९५५ मध्ये मद्रासला बुलेट बनवणारी कंपनी उभी राहिली. सिग्नल्सच्या ‘डेअर डेव्हिल्स’ पथकाचे मनोरे आपण सगळ्यांनी पाहिलेत, ते याच गाडीवर. त्यामुळे फौजी माणसाला तिच्याबद्दल जे वाटतं ते मला कळतं. पण वाटण्यानं पॉइंटमधली फट मोजली जात नाही.

युनिटच्या गाडीला लॉगबुक असतं. गाडी किती चालली, ऑइल कधी बदललं, काय बिघडलं, कुणी दुरुस्त केलं, सगळं त्यात येतं. गाडी एका युनिटमधून दुसऱ्यात गेली तर ते कागद तिच्याबरोबर जातात. म्हणून वीस वर्षांची गाडीसुद्धा नव्या ड्रायव्हरला परकी नसते. जुन्या बुलेटबरोबर येतात त्या फक्त आधीच्या मालकाच्या गोष्टी. “इंजिनला हातच लागलेला नाही.” “एकाच साहेबांच्या हातातली गाडी.” “फक्त बॅटरी टाका, लडाख गाठेल.” यातलं एकही वाक्य तपासता येत नाही. माझ्या मते जुन्या गाडीत वय हा दोष नाही, तिची नोंद हरवलेली आहे हा दोष आहे. ती नोंद नव्याने लिहिणं हेच नव्या मालकाचं पहिल्या वर्षाचं काम. आणि ज्याची नोंद नाही ते आधीच उघडून बसलात, तर बिघाड मूळचा कुठला आणि आपण केलेला कुठला, हे पुढे कुणीच सांगू शकत नाही.

जबलपूरला असताना आमच्याकडे सांगली जिल्ह्यातला एक पोरगा होता. नव्वदच्या दशकातली बुलेट घेतली होती. गाडी झोकात चालू व्हायची, दहा-बारा किलोमीटर जायची आणि आचके देत बंद पडायची. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. त्यानं आधी प्लग बदलला, मग कॉइल, मग कार्बोरेटरच नवा टाकला. तरी तेच. गावातल्या एका गॅरेजवाल्यानं निदान केलं, बोअर बसलाय, पिस्टन गरम होऊन धरतोय, इंजिन खोलावं लागेल. पोरगा माझ्याकडे आला तो पैसे उसने मागायला.

“उस्ताद, इंजिन खोलायचंय. पुढच्या पगाराला देतो.”

“बंद पडते तेव्हा तू काय करतोस?”

“काय करणार, झाडाखाली बसतो.”

रविवारी मी त्याच्या मागे बसलो आणि गाडी बंद पडेपर्यंत जायचं ठरवलं. अकराव्या किलोमीटरला ती पडली. मी त्याला किक मारू दिली नाही. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडायला सांगितलं. उघडताच हवा आत ओढली गेल्याचा फुस्स असा आवाज आला. झाकण तसंच सैल ठेवून किक मारली, दुसऱ्या किकला गाडी चालू. आधीच्या मालकानं बाजारातलं चकचकीत कुलुपाचं झाकण बसवलं होतं आणि त्याचं हवेचं भोक बुजलेलं होतं. टाकीतून पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते. ती आली नाही की आत पोकळी तयार होते, कार्बोरेटरला पेट्रोल पोचत नाही आणि इंजिन मरतं. पंधरा मिनिटांत हवा कुठूनतरी झिरपते, म्हणून पुन्हा चालू. भोक सुईनं मोकळं केलं. खर्च शून्य. कार्बोरेटरचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. त्याच्यापुढे गाडी उभी राहायची तेव्हा ती चालू असायची. चालू गाडीतला बिघाड सांगणं म्हणजे झोपलेल्या माणसाचं लंगडणं ओळखणं. बिघाड बघायचा असतो तो घडत असताना, त्याच जागी, त्याच मिनिटाला. ही गोष्ट मालकालाच जमते, कारण त्या वेळी तिथे तोच असतो. म्हणून झाडाखाली बसणं हा गुन्हा आहे.

समजा, झाकणानं फरक पडला नसता तर? मग लगेच प्लग काढून बघायचा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाहीये. कॉक, पाईप, कार्बोरेटरचं फ्लोट, जेटमधला कचरा, या क्रमानं मागे जायचं. प्लग ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगीकडे बघायचं. प्लग कॅपमध्ये बसवून त्याचा धातू हेडला टेकवा आणि किक मारा, पण प्लगच्या भोकापासून दूर धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. ठिणगी निळी आणि कडक हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर पॉइंटचं झाकण काढा. पॉइंट काळे पडलेत आणि त्यांच्यामध्येच फटफट ठिणग्या उडतायत असं दिसलं तर कंडेन्सरवर संशय घ्या. गरम झाल्यावर दगा देणारा आणि थंड झाल्यावर साळसूद होणारा हा दुसरा इसम. किरकोळ किमतीचा असतो, खिशात एक जास्तीचा ठेवावा. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. ती फीलर गेजनं मोजायची, ब्लेडच्या पात्यानं अंदाज घेणारे पुष्कळ भेटतील, त्यांना नमस्कार करावा. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, हवेचा फिल्टर मोकळा आहे आणि तरीही गाडी घेत नाही, तेव्हा कुठे कॉम्प्रेशनचा विचार. म्हणजे इंजिन खोलण्याची पाळी सगळ्यात शेवटी येते. गंमत अशी की नवा मालक नेमका तिथूनच सुरुवात करतो, बहुधा त्यात काहीतरी भव्य केल्यासारखं वाटतं म्हणून.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग बदलला तर वहीत लिहा, पन्नास किलोमीटर चालवा, मग पुढचं. त्या पोरानं कॉइल बदलली ती गरज म्हणून की हौस म्हणून, हे आज त्यालाही सांगता येणार नाही. जुनी कॉइल कदाचित चांगली होती. ती त्यानं भंगारात दिली.

वहीत काय लिहायचं? फार नाही. तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती टाकलं, ऑइल किती, थंड इंजिनाला किती किक लागल्या, प्लगचा रंग कसा. तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी आणि इंजिन तापतंय. दोन महिन्यांनी पानं उलटली की गाडी स्वतःच बोलते. किका तीनवरून सातवर गेल्या असतील तर काहीतरी सरकलंय. ड्युटीवर आपण गाडी काढण्याआधी फर्स्ट परेड करतो, थांबलो की हॉल्ट परेड आणि परत आल्यावर लास्ट परेड. कुणी डोक्यावर उभं असतं म्हणून करतो. स्वतःच्या गाडीवर कुणी उभं नसतं एवढाच फरक. दहा मिनिटं लागतात: ऑइल, हवा, चेनचा ढिलेपणा, क्लच आणि ब्रेकच्या केबलचे तुटत आलेले तंतू, ढिले नट. जुन्या बुलेटवर ब्रिटिश मापाचे नट-बोल्टही भेटतात, तेव्हा नेमका बसणारा रिंग पाना घ्यायचा. “बसतोय की” म्हणून ढिला पाना लावला की नटाचे कोपरे जातात आणि पुढच्या वेळी छिन्नी लागते.

ऑइलबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चांगली चांगली माणसं फसतात. या इंजिनात ऑइलची टाकी वेगळी असते, क्रँककेसला जोडूनच, आणि पंप तिथून ऑइल इंजिनात नेऊन परत आणतो. गाडी आठवडाभर उभी राहिली की ऑइल हळूहळू पंपातून क्रँककेसमध्ये झिरपतं. मालक सुट्टीवरून येतो, काडी बुडवून बघतो, ऑइल कमी दिसतं, तो वरून अर्धा लिटर ओततो. मग किक मारतो. खाली साचलेलं ऑइल परत टाकीत येतं, सायलेन्सरमधून निळा धूर निघतो, ब्रीदरमधून ऑइल ओसंडतं, आणि मालक निष्कर्ष काढतो की रिंग गेल्या. काही गेलेलं नसतं. इंजिन पाच मिनिटं चालवून, बंद करून, मग पातळी बघायची असते.

“ऑइल गळत नाही ती बुलेटच नाही” हा विनोद मी इतक्या छावण्यांत ऐकलाय की आता हसू येत नाही. तो आळशी मालकाचा बचाव आहे. गळतीला जागा असते आणि कारण असतं. बहुतेक वेळा जुनं पॅकिंग, नाहीतर तुंबलेला ब्रीदर. इंजिन रॉकेलनं स्वच्छ पुसून कोरडं करा, वरून साधी टाल्कम पावडर भुरभुरा, पाच किलोमीटर फिरवून आणा. जिथून ऑइल येतंय तिथे पावडर ओली दिसते. दाढीच्या सामानातली पावडर वापरल्यानं फौजीचं काही बिघडत नाही.

टॅपेटचंही तसंच. थंड इंजिन, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, आणि पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. हे शिकायला अर्धा तास लागतो. टकटक आवाज बंद व्हावा म्हणून टॅपेट आवळून टाकणारे भेटतात. आवाज जातो, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. चालू न होणारी गाडी माणसाला चिडवते, फार तर चालायला लावते. चालू होऊन न थांबणारी गाडी माणूस मारते. तरीही मी बघतो, पोरांचे पैसे सायलेन्सरवर जातात आणि टायर तेच राहतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. १४१५ म्हणजे २०१५ सालचा चौदावा आठवडा. खाचा कितीही खोल दिसोत, रबर म्हातारं होतं, कडक होतं, ओल्या रस्त्यावर धरत नाही. ड्रम ब्रेकचे लायनर उघडून बघा. इंजिनाला हात लावू नका म्हणतो त्याला हाच अपवाद. टायर, ट्यूब, ब्रेक, केबल, चेन आणि दिवे यांना पहिल्याच दिवशी हात लावायचा, आणि पैसे आधी इथे घालायचे.

त्याहून मोठा धोका पायात आहे. आजची पोरं डाव्या पायाच्या गिअरवर शिकलेली. जुन्या बुलेटचा गिअर उजवीकडे, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. सावकाश चालवताना दोन दिवसांत सवय होते. पण समोर अचानक म्हैस आली की डोकं विचार करत नाही, पाय करतो, आणि पाय उजवीकडे दाबतो. ब्रेक लागत नाही, गिअर बदलतो. म्हणून नव्या मालकानं मोकळ्या मैदानात रोज वीस-पंचवीस वेळा जोरात थांबायचा सराव करावा, महिनाभर. हत्याराची ड्रिल आपण अंधारात हात चालेपर्यंत करतो, ही ड्रिल त्याच जातीची आहे. आणि हा महिना होण्याआधी ती गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला देऊ नये, जिवलग मित्रालाही नाही.

फौजीच्या गाडीची आणखी एक अडचण आहे, जी शहरातल्या शौकिनाला कळणार नाही. आपली गाडी चालते कमी आणि उभी जास्त राहते. फील्डला गेलो, कोर्सला गेलो, गाडी सहा महिने ताडपत्रीखाली. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि कॉक नेमका तळातूनच ओढतो. आसामसारख्या दमट जागी तर हे लवकर होतं. शिवाय जुन्या गाडीचे रबरी पाईप आणि वॉशर या पेट्रोलसाठी बनलेले नव्हते, ते फुगतात किंवा तडकतात. म्हणून जाण्याआधी कॉक बंद करून इंजिन मरेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. उरलेलं तळाच्या स्क्रूमधून काढा. प्लग काढून चमचाभर ऑइल आत सोडा, इग्निशन बंद ठेवून दोन-तीन किका मारा, प्लग परत लावा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला ठेवा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. बॅटरीची तार काढा. गाडी मधल्या स्टँडवर. परत आलात की पाईप आधी बोटांनी दाबून बघा, मग कॉक उघडा.

घरी ठेवली असेल तर भावाला एक सांगा. दर रविवारी पाच मिनिटं चालू करून बंद करण्यात काही पुण्य नाही. इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते, वर बॅटरी खर्च होते. चालवायची असेल तर पंधरा किलोमीटर चालव म्हणावं, नाहीतर हात लावू नको.

लडाखचं स्वप्न प्रत्येकाचं असतं. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास दोन तृतीयांश. हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, त्यामुळे मिश्रण जाड होतं, गाडी गुदमरते, प्लग काळा पडतो. कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच वर घेतली की सुई खाली जाते आणि गाडी मोकळा श्वास घेते. हे सगळ्यांना कुणीतरी सांगतं. खाली उतरल्यावर क्लिप परत जागेवर आणायची, हे कुणी सांगत नाही. तशीच पठाणकोटच्या उन्हात पळवली तर पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. वहीत लिहिलेलं असेल तर आठवतं. राजस्थानात उलटं, तिथे क्लिपला हात लावायची गरज नाही, पण वाळूमुळे हवेचा फिल्टर दर आठवड्याला बघावा लागतो.

कुणी म्हणेल, एवढं करायचं तर नवीच का घेऊ नये? काहींनी नवीच घ्यावी. वर्षाला दोन सुट्ट्या आणि स्टेशनवरून घर गाठणं एवढंच काम असेल, तर जुनी घेऊन घरच्यांना रस्त्यावर ताटकळत ठेवू नये. जुनी त्यानं घ्यावी ज्याला रविवारचे दोन तास हात काळे करायला आवडतात. हप्ता वाचतो म्हणून घेणाऱ्यानं वर्षभराचा हिशेब वहीत मांडून बघावा, बहुतेक वेळा वाचलेला नसतो.

कागदांचं लवकर उरकतो. इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघा, जुन्या बुलेटमध्ये इंजिनं बदललेली असतात. फॉर्म २९ आणि ३० वर सही झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दुसऱ्या राज्याची असेल तर एनओसी हवी, आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर तिथे नोंदणी करावी लागते. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी नूतन केलेली आहे का तेही बघा. दिल्लीला पोस्टिंग आली तर तिथले जुन्या गाड्यांचे नियम आधी विचारा, मग गाडी हलवा.

त्या सांगलीच्या पोराची पुढे बदली झाली, गाडी रेल्वेच्या पार्सलनं गेली. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, ती आम्ही मेसमागे केली. हेडलाईट आणि टाकीला पोत्याचं पॅकिंग, हॅन्डलला दोन चिठ्ठ्या, एक फाटली तर दुसरी असावी म्हणून. वही मात्र त्यानं पार्सलमध्ये दिली नाही, ट्रंकेत वर ठेवली. शेवटची नोंद मी वाचली: पुढच्या टायरला खिळा, ट्यूब बदलली, जुनी ट्यूब जपून ठेवली आहे, का ते माहीत नाही.